सडपातळ लॅपटॉप घरी उघडताना: २०१७ च्या मॅकबुक एअरची बॅटरी आणि एसएसडी

"मामा, ट्रॅकपॅड दाबलाच जात नाही. चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद. आणि जागा संपली म्हणून रोज ओरडतोय." दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाचीनं पिशवीतून लॅपटॉप काढला तो फराळाच्या ताटाशेजारीच. १३ इंची मॅकबुक एअर, २०१७ चा. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आत्ताच्या नोकरीपर्यंत तिचं सगळं काम त्याच्यावरच झालेलं. पुण्यात एका दुकानात तिला सांगितलं होतं, असले पातळ लॅपटॉप उघडायचे नसतात, बॅटरी आत चिकटवलेली असते, त्यापेक्षा नवीन घ्या.

मी इचलकरंजीत घड्याळं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. तो लॅपटॉप मी कामाच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. डुलला. पाठ मधोमध फुगली होती. ट्रॅकपॅड बिघडला नव्हता, आतून फुगलेल्या बॅटरीनं तो वर ढकलून धरला होता. म्हणजे दुखणं कळलं होतं, आणि या मॉडेलमध्ये ती बॅटरी चिकटवलेली नसते, स्क्रूनं बसवलेली असते. दुकानात सांगितलेलं खरं नव्हतं. ट्रॅकपॅड कडक झाला, टेबलावर लॅपटॉप डुलायला लागला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर त्या क्षणी चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. बाकीचं सगळं नंतर.

सामान यायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी दुपारी दोघांनी बसून तो उघडला. त्याची ही रीत लिहून ठेवतोय. हातात स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही हे काम जमेल. घाई मात्र चालणार नाही.

पैसे खर्च करायच्या आधी

पातळ लॅपटॉपमध्ये काय बदलता येतं आणि काय नाही, हे सामान मागवायच्या आधी ठरवायचं. या एअरमध्ये रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी, मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की केलेली आहे. ८ जीबी आहे ती कायम ८ जीबीच राहणार. प्रोसेसरही तसाच. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची पट्टी, निघते, बॅटरी निघते, पंखा निघतो. एवढ्यानं फरक पडतो का? भाचीच्या लॅपटॉपला १२८ जीबी जागा होती आणि तिच्यात चार जीबीही मोकळी उरली नव्हती. रॅम कमी पडली की मॅक एसएसडीवरची मोकळी जागा वापरतो, ती जागाही भरलेली असेल तर सगळंच रखडतं. म्हणून मोठ्या एसएसडीनं फरक पडतो.

पाठीवर बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक असतो. मला माझं भिंग लावूनच वाचता आला. ए१४६६. पण तेवढ्यावर सामान मागवू नका, कारण २०१२ पासून २०१७ पर्यंतच्या सगळ्या १३ इंची एअरवर हाच क्रमांक आहे आणि २०१२ च्या एसएसडीची जोडणी वेगळी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या चिन्हावर जाऊन 'अबाउट धिस मॅक' उघडा, तिथं वर्ष लिहिलेलं असतं. मी पुढं जे सांगतोय ते २०१३ ते २०१७ च्या एअरला लागू पडतं. २०१८ पासूनच्या एअरमध्ये एसएसडीसुद्धा बोर्डावर सोल्डर केलेली आहे. तिथं जागा वाढवायचा विचार सोडून द्या.

तुमच्याकडं विंडोजचा पातळ लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'फॉर्म फॅक्टर' पुढं 'एसओडिम' दिसलं तर रॅम खाचेत बसवलेली आहे, 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर केलेली. काही लॅपटॉपमध्ये थोडी सोल्डर केलेली आणि शेजारी एक रिकामी खाच असते, त्यामुळं कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचं पान बघून घ्यावं. बऱ्याच कंपन्या ही पुस्तिका मोफत देतात.

काय मागवायचं

बॅटरीवर ए१४९६ हा क्रमांक हवा. मूळ बॅटरी ७.६ व्होल्टची, ५४ वॉट-अवरची. त्याच आकारात खूप जास्त क्षमता लिहिलेली बॅटरी दिसली तर ती घेऊ नका. जागा तेवढीच आहे, सेल तेवढेच बसतात, मग जास्तीची वीज येणार कुठून?

एसएसडीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ॲपलनं या मशीनमध्ये स्वतःची वेगळी जोडणी वापरली आहे, बाजारातली साधी एम.२ पट्टी तिच्यात बसत नाही. मध्ये एक छोटा अडॅप्टर लागतो. नखाएवढी सर्किटची पट्टी. एका बाजूला ॲपलची जोडणी, दुसऱ्या बाजूला एम.२ ची. मला तो साडेचारशे रुपयांना मिळाला. त्याच्या पुढं 'एम.२ २२८०' मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब एसएसडी लावायची, तीही एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. साटा या जुन्या प्रकारची एम.२ पट्टीही दिसायला जवळजवळ अशीच असते, पण इथं ती चालत नाही. खोक्यावर 'एनव्हीएमई' लिहिलंय ना, ते दोनदा वाचा. शक्यतो सगळ्या चिप एकाच बाजूला असलेली पट्टी घ्या. आत उंचीला जागा फार नाही.

सगळ्यात वेगवान, महागडी एसएसडी मात्र घेऊ नका. या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि बोर्ड यांच्यातली ये-जा पीसीआयई २.० च्या चार मार्गांवर चालते, म्हणजे सेकंदाला दीडएक हजार मेगाबाइटच्या पुढं त्यातून काही जाणार नाही. सेकंदाला सात हजार मेगाबाइट वेगाची पट्टी लावली तरी वेग तेवढाच मिळेल, वर ती जास्त वीज खाईल आणि गरम होईल. आम्ही डब्ल्यूडीची ब्लू एसएन५७०, ५०० जीबी लावली. सॅमसंगची ९७० इव्हो प्लस कुणाकडं पडून असेल तर तिचं फर्मवेअर, म्हणजे पट्टीच्या आतला प्रोग्रॅम, आधी नवीन करून घ्या. सुरुवातीच्या फर्मवेअरवर मॅक कोसळायचे.

आता एक अट, जी चुकली तर नवी एसएसडी लॅपटॉपला दिसणारच नाही. जुनी एसएसडी आत असतानाच मॅकओएस हाय सिएरा किंवा त्याच्या पुढची आवृत्ती एकदा तरी टाकलेली हवी. त्या अपडेटबरोबर बोर्डावरचं बूट रॉम, म्हणजे मशीन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम, बदलतं आणि मगच मशीन बाहेरची एनव्हीएमई पट्टी ओळखतं. भाचीच्या लॅपटॉपवर माँटेरे ही त्यानंतरची आवृत्ती होती, त्यामुळं ती काळजी नव्हती. तुमच्याकडं सिएरा किंवा त्याआधीचं काही असेल तर आधी अपडेट करा, मग उघडा.

बॅकअप तिनं पुण्याहून निघायच्या आधीच मॅकमधल्या टाइम मशीन या ॲपनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला होता. तरी मी तिला दोन फोटो आणि एक जुनी फाइल त्या डिस्कवरून उघडून दाखवायला लावली. बॅकअप घेतला असं वाटणं आणि तो उघडून पाहणं यात फरक आहे. ॲपल आयडीचा पासवर्डही आठवतोय का ते बघा, पुढं लागतो. आणि बॅटरी पाव भागाच्या खाली येऊ द्या. भरलेल्या बॅटरीपेक्षा उतरलेली बॅटरी हाताळायला कमी धोक्याची असते.

टेबल आणि हत्यारं

लागणारी हत्यारं थोडीच आहेत, पण नेमकी हवीत. पाठीच्या स्क्रूंसाठी पी५, त्याचं डोकं पाच पाकळ्यांच्या फुलासारखं असतं. आतल्या स्क्रूंसाठी टी५, सहा टोकांच्या चांदणीसारखं. प्लॅस्टिकची एक चपटी पट्टी, एक मऊ ब्रश, दातकोरणं, आणि माझ्याकडं घड्याळाची धूळ उडवायचा रबरी फुगा आहे तसला एखादा. पी५ चा बिट स्वस्तातला घेऊ नका. मऊ लोखंडाच्या बिटच्या पाकळ्या दुसऱ्या-तिसऱ्या स्क्रूलाच झिजतात आणि मग तो स्क्रूचं डोकंही खराब करतो.

टेबलावर पांढरं सुती फडकं अंथरा. पांढऱ्यावर स्क्रू हरवत नाही. नायलॉनचं, टेरिकॉटचं काही नको, अंगात लोकरीचा स्वेटर नको. थंडीत हवा कोरडी असताना त्यातून स्थिर वीज तयार होते आणि ती चिपला मारक असते. हाताला बांधायचा अँटी-स्टॅटिक पट्टा शे-दीडशे रुपयांत मिळतो, तो बांधा.

आणि एक कोरा कागद. त्याच्यावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढायचा, जिथं जिथं स्क्रू आहे तिथं टिंब द्यायचं, आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या टिंबावर चिकटपट्टीनं लावून ठेवायचा. घड्याळात मी हेच करतो. भाचीला वाटलं, दहा स्क्रूंसाठी एवढं कशाला? मी तिला दोन स्क्रू शेजारी धरून दाखवले. बिजागरीकडच्या कडेला मधे जे दोन आहेत ते साधारण ९ मिलिमीटर लांब, बाकीचे आठ अडीच मिलिमीटरच्या आसपास. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो आत नको तिथं जाऊन टोचणार. मग तिनंच कागद पुढं ओढला आणि आकडे घातले.

पाठ उघडणं

लॅपटॉप मेनूतून पूर्ण बंद करा, झाकण नुसतं मिटून चालत नाही. मिटलेल्या झाकणाचा लॅपटॉप झोपलेला असतो. पालथा घाला, बिजागरी तुमच्यापासून लांब.

पहिला स्क्रू काढताना हाताला सांगायचं, आधी बसव, मग दाब, मग फिरव. ड्रायव्हर उभा, अगदी काटकोनात. डोक्यात पूर्ण बसला की तो आपोआप किंचित खाली गेल्यासारखा वाटतो, ते बोटांना कळतं. मग तळहातानं वरून दाब द्यायचा आणि दोन बोटांनी फिरवायचं. जोराचे तीन हिस्से खाली, एक हिस्सा फिरवण्याला. बहुतेक जण उलटं करतात, म्हणून ड्रायव्हर घसरतो आणि पाकळ्या उडतात. एखादा स्क्रू हलत नसेल तर बळ वाढवू नका. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं दाबा, जाम सुटतो, मग उलटा फिरवा. आमचा डावीकडचा कोपऱ्यातला स्क्रू असाच सुटला.

या मॉडेलच्या पाठीला खटके नाहीत. दहाही स्क्रू निघाले की बिजागरीच्या बाजूनं बोटं घालून उचलली की ती येते. भाचीनं उचलली आणि आतली बॅटरी बघून ती गप्पच झाली. काळे सपाट सेल असायला हवेत, तिथं दोन सेल उशीसारखे टम्म फुगलेले. वरून दाबून बघायचा मोह होतो. बोट लावू नका, आणि लोखंडी चिमटा, चाकू यांतलं काही जवळ आणू नका.

सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी

हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं तरी कमीच. पाठ उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं. त्याआधी ब्रशसुद्धा फिरवायचा नाही.

चार वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या एका लॅपटॉपचा कीबोर्ड बदलताना मी हे केलं नव्हतं. लॅपटॉप बंद होता, चार्जर काढलेला होता, मला वाटलं झालं. पडद्याची केबल वाटेत येत होती म्हणून ती सोडवली, आणि बोटांखाली एक बारीक ठिणगी चमकली. आवाजसुद्धा झाला नाही. जोडून चालू केला तर पडदा काळा. टॉर्च लावून बघितलं तेव्हा कळलं, चित्र आहे पण मागचा दिवा गेलाय. बोर्डावरचा फ्यूज उडाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या एका कारागिरानं तो बदलून दिला, पैसे मी दिले. शेजाऱ्यांच्या मुलाची परीक्षा आठवड्यावर आली होती, ते मला अजून लागून राहिलं आहे. घड्याळाचा सेल काढला की घड्याळ मेलं. बंद लॅपटॉप तसा नसतो, बॅटरी जोडलेली असेतोवर बोर्डाच्या काही भागांत वीज खेळतच असते.

एअरमध्ये ही जोडणी बॅटरीच्या आणि बोर्डाच्या मधोमध दिसते. तिला पारदर्शक प्लॅस्टिकची छोटी जीभ आहे. ती जीभ धरून तुमच्याकडं, म्हणजे लॅपटॉपच्या पुढच्या कडेकडं, बोर्डाला समांतर ओढायची. वर नाही ओढायची. वर ओढली तर बोर्डावरचं सॉकेट उपटून येऊ शकतं. दोन्ही बाजूंना सारखा ताण हवा. निघाली की केबल थोडी मागं वाकवून ठेवा, काम करताना चुकून परत टेकू नये. आता बाकीची कामं कुठल्याही क्रमानं करा.

एसएसडी

बोर्डावर डावी-उजवी आडवी पसरलेली लांबट पट्टी दिसते ती एसएसडी. एका टोकाला एकच टी५ स्क्रू. तो काढला की ते टोक स्वतःहून थोडं वर येतं. थोडंसंच उचललं की पुरे, फार उचलायचं नाही, आणि मग सरळ बाहेर ओढायची. सोनेरी टोकांना बोट लावू नका. घामाचा डाग त्या सोन्यावर बसतो आणि काही महिन्यांनी जोडणी कुरकुरायला लागते.

नवी पट्टी आधी टेबलावरच अडॅप्टरमध्ये बसवा. खाच आणि मधली फट जुळल्यावर अंगठ्यानं दाबायची. सोनेरी रेघा आत पूर्ण गेल्या पाहिजेत, शेवटची केसाएवढी कड दिसली तर चालेल. मग दोन्ही मिळून लॅपटॉपच्या खाचेत, त्याच तिरक्या कोनात घालून खाली टेकवायची आणि स्क्रू लावायचा. आमच्याकडं पहिल्या खेपेला ती पुरती बसली नव्हती, स्क्रूचं भोक अर्ध्या मिलिमीटरनं पुढं राहत होतं. स्क्रू ओढूनताणून बसवता आला असता. भाचीला म्हटलं, भोक जुळत नाही म्हणजे पट्टी आत गेली नाही. काढून पुन्हा घातली, बारीक 'टक्' झालं आणि भोक जुळलं.

बॅटरी

पाच टी५ स्क्रू. ते सारख्या लांबीचे नाहीत, तोच कागद इथंही वापरा. स्क्रू निघाले की बॅटरी पूर्ण सपाट, दोन्ही हातांनी दोन्ही टोकांना धरून उचलायची. वाकवायची नाही, एका कोपऱ्यानं उपसायची नाही. फुगलेली असेल तर खिडकी उघडी ठेवा, आणि आधीच ठरवून ठेवा की काढल्यावर ती कुठं ठेवणार. आम्ही अंगणात मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून ठेवली होती, बॅटरी तिच्यावर ठेवून वरून आणखी वाळू घातली. घरात कपाटावर, गच्चीवर उन्हात किंवा घंटागाडीच्या डब्यात ती कधीच टाकू नका. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चेपली तर आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, शहरात ई-कचरा घेणारेही असतात. आमची पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला दिली.

नवी बॅटरी तशीच सपाट ठेवायची, भोकं जुळवायची, स्क्रू लावायचे. जोडणी अजून नाही.

पंखा

हा भाग तुमच्याकडं पाच मिनिटांत होईल. आमच्याकडं अर्धा तास गेला. भाची कॉलेजची सगळी वर्षं इथंच होती, आणि बहिणीच्या घराला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. दिवसरात्र माग चालतात, हवेत कापसाचे बारीक तंतू असतात, सकाळी तुळशीच्या पानांवरसुद्धा पांढरी लव दिसते. पंख्याच्या पात्यांवर आणि हवा बाहेर जाते त्या तोंडाशी त्या तंतूंचा चक्क नमदा तयार झाला होता. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकानं ओढला तर सलग निघाला, करड्या लोकरीच्या तुकड्यासारखा. लॅपटॉप इतका का तापायचा आणि पंखा का किंचाळायचा ते तेव्हा कळलं.

पंखा काढायची गरज नाही. पाती फिरू नयेत म्हणून दातकोरणं अडकवायचं, मग ब्रशनं आणि फुग्याच्या हवेनं साफ करायचं. सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, शिवाय जोराच्या हवेनं मोकळा पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. तुम्ही भिवंडी, मालेगाव, सोलापूर, अशा मागांच्या गावात राहत असाल तर पाठ वर्षातून एकदा उघडावी असं मी म्हणेन.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, आम्ही बदलली नाही. पंखा साफ झाल्यावर तापमान आटोक्यात आलं, मग त्याला हात लावायचं कारण उरलं नाही.

बंद करणं आणि पहिल्यांदा चालू करणं

बॅटरीची जोडणी आता घाला, जशी काढली तशीच बोर्डाला समांतर सरकवून. कागदावरचे स्क्रू मोजा. सगळे आतले स्क्रू जागेवर गेले आणि कागदावर फक्त पाठीचे दहा उरले, मगच पाठ ठेवा.

स्क्रू लावताना माझी एक सवय आहे, ती घ्याच. स्क्रू भोकात ठेवून आधी उलट्या दिशेनं, सोडवायच्या दिशेनं हळू फिरवायचा. एका जागी तो बारीकसा 'टक्' करून खाली पडतो. तिथं आटे आट्यांना मिळालेले असतात. तिथून सुलटा फिरवला की तो लोण्यासारखा आत जातो. हे न करता तिरका घातला तर आटे चढतात, आणि ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की परत येत नाहीत. दहाही स्क्रू आधी दोन-तीन वेढे लावा, मग समोरासमोरचे कोपरे धरत घट्ट करा. थांबला की थांबायचं, शेवटचा पीळ देऊ नका.

चालू करण्याआधी चार्जर लावा. मग पॉवरचं बटण दाबून लगेच ऑप्शन, कमांड आणि आर ही तीन बटणं एकत्र धरून ठेवा. पडद्यावर फिरणारा पृथ्वीचा गोळा आला की सोडा, वायफायचा पासवर्ड द्या. इथं शिफ्टचं बटण सोबत दाबायचं नाही. ते दाबलं तर मशीन विकताना होती ती जुनी आवृत्ती येते, तिला ही एसएसडी दिसत नाही आणि तुम्हाला वाटेल, काम बिघडलं.

रिकव्हरी, म्हणजे मॅकओएस नव्यानं टाकायची खिडकी, उघडली की डिस्क युटिलिटीमध्ये 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, सगळ्यात वरचं नाव पकडा आणि एपीएफएस व 'ग्विड पार्टिशन मॅप' असं निवडून 'इरेज' करा, म्हणजे डिस्क पुसा. डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा पट्टी किंवा अडॅप्टर पुरता बसलेला नसतो. बंद करा, चार्जर काढा, पाठ उघडा, बॅटरी सोडवा, पुन्हा बसवा. त्यानंतर मॅकओएस टाका आणि शेवटी टाइम मशीनमधून सगळं परत आणा. आमच्याकडं हे सगळं व्हायला संध्याकाळचे आठ वाजले, बहीण दोनदा जेवायला बोलवून गेली.

बॅटरी बदलल्यावर पंखा उगाच जोरात फिरत राहिला तर लॅपटॉप बंद करून, चार्जर लावून, डावीकडचे शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर एकत्र दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. मग नेहमीसारखा चालू करा. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवरखाली सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, बघायला विसरू नका. नवी म्हणून विकलेल्या बॅटरीचा आकडा शंभर-दोनशे दिसला तर ती वापरलेली आहे, लगेच परत करा. आमच्या बॅटरीचा आकडा २ होता. ॲपल या बॅटरीची मर्यादा १००० सायकल धरते.

२०१३ किंवा २०१४ च्या एअरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. त्या दोन वर्षांच्या मशीनमध्ये अशी एसएसडी लावली की खोल झोपेतून उठताना लॅपटॉप कोसळतो. टर्मिनलमधून, म्हणजे मॅकला टाइप करून हुकूम द्यायच्या ॲपमधून, 'हायबरनेट मोड' ही खोल झोपेची सेटिंग शून्य करून ठेवावी लागते. २०१५ आणि २०१७ ला हा त्रास नाही.

भाची चार दिवसांनी पुण्याला गेली. जाताना तिनं ट्रॅकपॅडच्या चारही कोपऱ्यांवर बोट दाबून टकटक वाजवून दाखवलं. जुनी १२८ जीबीची पट्टी मी मिटवलेली नाही. घड्याळाचे सुटे भाग ठेवतो तसल्या कागदी पाकिटात घालून, वर तारीख आणि तिचं नाव लिहून खणात ठेवली आहे. तिनं नव्या एसएसडीवर एकेक फोल्डर तपासून फोन केला, की मग मिटवायची.